सेवेचा मुक्काम

(ग्रामीण भागात सेवाकार्यासाठी जाणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांपुढे पुण्यात झालेल्या भाषणाचा पाठ)



सुट्टी लागली की पुण्यातून सेवेसाठी खेड्यांकडे निघणाऱ्या तरुणांची संख्या थोडी नसते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिचे विशेष शिबिर सात दिवसांचे असते. विविध संस्था व मंडळे यांचेही उपक्रम असतात. श्रमदान होते, आरोग्य तपासणी होते, शाळेच्या भिंती रंगविल्या जातात. समारोपाचे भाषण होते आणि गाडी परत फिरते. गाडीची धूळ खाली बसल्यावर त्या गावात काय उरते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

या प्रश्नाचा अभ्यास जगात एका वेगळ्या क्षेत्रात बारकाईने झाला आहे. अमेरिकेतील अनेक चर्च आपल्या सभासदांना आठवड्या-दोन आठवड्यांसाठी गरीब देशांतील खेड्यांत पाठवितात. त्यास ‘अल्पकालीन मिशन’ म्हणतात. मंडळी निधी गोळा करतात, विमानाने जातात, घर बांधतात, मुलांसाठी कार्यक्रम करतात, प्रार्थना करतात आणि परततात. प्रिन्स्टन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनॉ यांनी २००५ च्या सुमारास अशा अमेरिकन प्रवाशांची संख्या वर्षाला सुमारे सोळा लाख असल्याचा अंदाज मांडला होता.

तीस हजारांचे घर

१९९८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘मिच’ या चक्रीवादळाने मध्य अमेरिकेतील होंडुरास देश उद्ध्वस्त केला. घरे बांधून देण्यासाठी अमेरिकेतून चर्चचे गट आले. होंडुरासमध्ये दीर्घकाळ वास्तव्य केलेले कर्ट व्हेर बीक हे अमेरिकेतील एका ख्रिस्ती महाविद्यालयाचे अध्यापक. त्यांनी या कामाची पाहणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्थानिक संस्था जे घर सुमारे दोन हजार डॉलरमध्ये बांधत होती, तेच घर परदेशी गटाने बांधले की प्रवासखर्चासह सुमारे तीस हजार डॉलर लागत. एका घराच्या खर्चात पंधरा कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर आले असते. घर परक्यांनी बांधले की स्वकीयांनी, याने त्यात राहणाऱ्यांच्या पुढील आयुष्यात उल्लेखनीय फरक पडलेला आढळला नाही. आणि जाऊन आलेल्यांच्या जीवनातही टिकाऊ बदल फार थोडा दिसला. ही चिकित्सा कोणा विरोधकाची नव्हे, त्याच धर्माच्या अभ्यासकाची आहे, हे विशेष.

त्याही आधी, २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने सेवेसाठी आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे भाषण केले. त्याचा आशय कठोर होता. ज्यांची भाषा तुम्हास येत नाही, ज्यांना ‘नको’ म्हणण्याची सोय नाही, त्यांच्यावर आपले उपकार लादू नका. पाहावयास या, शिकावयास या, पण साहाय्यकर्त्याचा आव आणून येऊ नका, असे त्यांनी सुनावले. पाहुण्यांना असे बोलण्यास धैर्य लागते. ऐकून घेण्यासही लागते.

राहिले ते रुजले

याउलट, महाराष्ट्रात आलेल्या जुन्या मिशनऱ्यांचे काम निराळे होते. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले. १८९४ साली मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि ते १९२८ साली निवृत्त झाले. जवळजवळ चाळीस वर्षे! त्यांनी येथील तरुणांना वैद्यक शिकविले. सांगली-मिरजेच्या दरम्यानची वानलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते. त्यांच्या धर्मप्रसाराच्या हेतूशी ज्यांचे मतभेद आहेत, त्यांनीही या चिकाटीपुढे नम्र व्हावे. मतभेद ठेवून गुण घेता येतात.

पुण्याला अधिक जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा आणल्या आणि दौंड तालुक्यातील केडगाव येथे त्यांना आसरा दिला. शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकविली. १९२२ साली देहावसान होईपर्यंत त्या तेथेच होत्या. ‘मुक्ती’ ही संस्था आजही केडगावात आहे.

परंतु त्याच रमाबाईंच्या पुण्यातील शारदा सदनाचा इतिहास सेवेतील दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवितो. हिंदू विधवांच्या शिक्षणासाठी, धर्माच्या बाबतीत तटस्थ म्हणून समाजाने त्या सदनावर विश्वास टाकला होता. काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जात आहेत असे दिसताच लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून प्रखर टीका केली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे सुधारणावादी सल्लागारही दूर झाले. आपण कोणावर सक्ती केली नाही, असे रमाबाईंचे म्हणणे होते. मात्र सक्ती नसली तरी अवलंबून असलेल्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो, हा प्रश्न उरतोच. ज्याच्या हाती अन्न आणि निवारा आहे, त्याचा शब्द उपाशी माणसाला आज्ञेसारखा ऐकू येतो.

ही कसोटी इतरांना लावली, तर ती आपल्यालाही लावली पाहिजे. धान्याच्या पिशवीबरोबर घोषणा, औषधाबरोबर सभासदत्वाची पावती, पुस्तकाबरोबर मताची अपेक्षा, हे आपल्याकडून होत असेल तर दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार संपतो. स्वामी विवेकानंदांनी ‘दरिद्रनारायण’ हा शब्द दिला. त्या शब्दात सेवा घेणारा देव आहे आणि सेवा करणारा केवळ पुजारी. पुजाऱ्याने देवाला अटी घालावयाच्या नसतात.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारो माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

मदतीचा ओघ चोहोबाजूंनी आला. पहिल्या दिवसांत तो आवश्यकच होता. ढिगारे उपसण्यास आणि अंत्यसंस्कारास हात हवेच होते. खरी परीक्षा त्यानंतर होती. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांना आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. वाघोलीचा प्रकल्प त्यातून उभा राहिला. जनकल्याण समितीने लातूरजवळ हरंगुळ येथे निवासी विद्यालय चालविले. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात स्थापिलेल्या ज्ञान प्रबोधिनीचे कार्यकर्ते मदतीसाठी गेले आणि हराळी या गावी राहिले. तेथे निवासी शाळा आणि शेतीचे शिक्षण सुरू झाले. मदत म्हणून सुरू झालेल्या कामाचा असा संसार झाला.

या तिन्ही कामांत एक समान सूत्र दिसते. भूकंपग्रस्ताला काय द्यावे यापेक्षा, तो पुन्हा आपल्या पायांवर केव्हा उभा राहील, याचा विचार तेथे झाला. मुलाचे शिक्षण सात दिवसांत होत नाही, म्हणून सेवेलाही वर्षांचे माप लावावे लागले.

मग सात दिवसांचे काय?

प्रत्येकाला हराळीस जाऊन राहणे शक्य नाही. नोकरी, शिक्षण, संसार ही बंधने खरी आहेत. म्हणून थोड्या दिवसांची सेवा व्यर्थ ठरत नाही. तिने आपली पायरी ओळखावी, इतकेच. जेथे कोणी कायम राहून काम करीत आहे, तेथे त्याच्या हाताखाली जावे. जाण्यापूर्वी गावाला विचारावे आणि ‘नको’ हे उत्तर आले तर ते मानावे. गावच्या गवंड्याला मिळणारे काम आपण फुकट करून त्याची मजुरी बुडवू नये. वाटखर्चाची आणि प्रत्यक्ष कामाच्या खर्चाची तुलना करून पाहावी; पहिला आकडा मोठा निघाला तर पैसे पाठवून स्वतः घरी थांबणे हीच सेवा होय. दुःखी माणसाचे छायाचित्र त्याच्या संमतीविना काढू नये. आणि पुढच्या वर्षी जावयाचे तर त्याच गावी जावे. गेल्या वर्षी लावलेले झाड जगले की वाळले, हे तेव्हाच कळेल.

गाव पाहुण्याला चहा देते, ओवाळते, निरोप देते. ते त्याचे सौजन्य आहे. तो आपल्या कार्याचा दाखला नव्हे. दाखला पुढे मिळेल. मुलगी दहावी होईल, विहिरीला पाणी टिकेल, गावातलाच एखादा तरुण उभा राहून सांगेल की आता तुम्ही नाही आलात तरी चालेल. ज्या दिवशी हे वाक्य ऐकू येईल, त्या दिवशी सेवा पूर्ण झाली असे समजावे.