नट, मग, बस... आणि मध्येच 'पुट'

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सन २००० मध्ये महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी एबीसीडीची गाठ पडायची ती पाचवीत. प्रा. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. निर्णयावर वाद पुष्कळ झाले. ते आज उकरून काढायचे नाहीत. मात्र त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आता तिशी ओलांडून आपापल्या मुलांचा अभ्यास घेऊ लागली आहेत. आमच्या दहिवलीत दिवेलागणीला आळीतून एक चक्कर मारली, तर घराघरांतून एकच सूर ऐकू येतो. "सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. आर-ए-टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर." पूर्वी परवचा म्हणत, तीच चाल.

ही तीन अक्षरी शब्दांची घराणी मोठी मजेशीर असतात. मधले आणि शेवटचे अक्षर तेच ठेवायचे, पहिले बदलायचे. कॅट, रॅट, मॅट, हॅट. यातला 'ॲ' मूळचा आपला नव्हे. तो लिहिण्यासाठी आपल्याला अक्षराच्या डोक्यावर चंद्र काढावा लागला. पण 'यू' मधोमध असलेले शब्द घ्या. कान मराठी असेल तर गंमत लगेच कळते. नट, मग, बस, कट, जग, सन, रग! इंग्रजीत नट म्हणजे कवचाचे फळ किंवा बोल्टावरची चाकी, आपल्याकडे रंगमंचावरचा. मग म्हणजे कानाचा पेला, आपल्याकडे 'नंतर'. कट म्हणजे कापणे, आपल्याकडे कारस्थान. रग म्हणजे जाड पांघरूण किंवा सतरंजी, आणि आपली रग दुसऱ्याने जिरवायची. या 'यू'चा उच्चार आपल्या 'अ'च्या इतका जवळ आहे, की मराठी मुलाला तो वेगळा शिकवावाच लागत नाही. मला तर वाटते, खेड्यातल्या शाळेत इंग्रजीची सुरुवात कॅटऐवजी या शब्दांपासूनच करावी.

आणि नेमके इथेच एक शब्द आडवा येतो. पुट.

आमच्या शेजारची एक मुलगी दुसरीत आहे. वर्गात तिने धडाधड वाचले, कट, नट, हट, बट... आणि त्याच झोकात 'पट'. वर्ग हसला. शिकवणाऱ्यांनाही हसू आवरले नाही म्हणे. दुसऱ्या दिवसापासून पोरगी मोठ्याने वाचेना. तिची आई मला म्हणाली, "काका, तुम्ही तरी समजवा हिला. म्हणते, मला इंग्लिश येतच नाही."

श्रोतेहो, त्या मुलीला इंग्रजी येत होते. पाच शब्दांवरून तिने नियम काढला आणि सहाव्याला लावला. जिला नियम काढता येतो, तिचीच अशी फसगत होते. पोपटासारखे पाठ करणारा पुटपाशी अडखळतच नाही. 'चुपके चुपके' या १९७५ च्या चित्रपटात धर्मेंद्रने रंगवलेला ड्रायव्हर इंग्रजी स्पेलिंगवरून असेच प्रश्न विचारून सगळ्यांना भंडावतो, आणि आपण हसतो. पण प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तरही आहे.

इंग्रजी छपाई इंग्लंडात कॅक्स्टनने १४७६ मध्ये सुरू केली. तेव्हा बट आणि पुट या दोन्ही शब्दांत 'उ'च होता. पुढे सतराव्या शतकाच्या सुमारास दक्षिण इंग्लंडात हा 'उ' पसरट होत 'अ'कडे सरकला. कट, नट, बट बदलले. काही शब्द मात्र मागे राहिले. प, ब, फ म्हणताना ओठांचे काम असते. त्या ओठांनी शेजारच्या 'उ'ला धरून ठेवले. पुढे 'ल' किंवा 'श' असला तर पकड आणखी घट्ट. म्हणून पुट, पुल, फुल, बुल, पुश, बुश हे सारे एका घरचे. उच्चार बदलले, छापलेले स्पेलिंग तेच राहिले. उत्तर इंग्लंडात हा बदल पोहोचलाच नाही. तिकडच्या घरगुती बोलीत बट आणि पुट यांचे यमक आजही जुळते. म्हणजे मँचेस्टरच्या एखाद्या पोराला हा प्रश्न पडायचाच नाही.

उलटेही घडले आहे. सन म्हणजे सूर्य, त्यात 'यू'; आणि सन म्हणजे मुलगा, त्यात 'ओ'. उच्चार एकच. याचे कारण असे सांगतात, की जुन्या हस्तलिखितांत यू, एन, एम, डब्ल्यू ही सगळी अक्षरे उभ्या दांड्यांची असत. शेजारी शेजारी आली की कुठले अक्षर कुठे संपले ते कळत नसे. म्हणून लेखनिकांनी 'यू'च्या जागी गोल 'ओ' घातला. आपल्या मोडीची आठवण होते. तिथेही ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. वाचणाऱ्याने संदर्भाने समजून घ्यायचे.

आणि आपण फार हसू नये. 'चार गुरे चार' असे लिहिले, तर पहिला चार वेगळा आणि दुसरा वेगळा. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण. लिहायला एकच, बोलायला दोन. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे पाण्याचे भांडे, यांतले 'ज' तरी कुठे एक आहेत? आपल्याला हे आईच्या कडेवर कळते, म्हणून खटकत नाही. ठाकर-कातकरी वाडीवरून शाळेत येणाऱ्या मुलाला मात्र पुस्तकी मराठीही अशीच अडवते. तिथेही वर्ग हसतोच.

त्या मुलीला मी 'ओठांच्या घरचे' सहा शब्द कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला लिहून दिले. अर्थ सांगायला फार लांब जावे लागले नाही. कर्जत स्टेशनात घाट चढण्यासाठी गाड्यांना मागून बँकर इंजिने जोडतात, हे इथल्या पोरासोरांना ठाऊक असते. पुढचे इंजिन ओढते, ते पुल. मागचा बँकर ढकलतो, तो पुश. ती हसली. 'पुट' म्हणजे ठेवणे म्हटल्यावर आजी आतून म्हणाली, "आमच्यात पुट म्हणजे थर हो. धुळीची पुटं चढतात ना!"

पोरीने मात्र कागदाकडे बघत विचारले, "आजोबा, बसमध्येपण 'ब' आहे. मग ती बुस का नाही?"

प्रश्न चोख होता. बस हा शब्द एकोणिसाव्या शतकातला. लॅटिनमधल्या 'ऑम्निबस', म्हणजे 'सर्वांसाठी', या शब्दाचे शेपूट. तो जन्मला तेव्हा 'उ'चा 'अ' होऊन गेलेला होता. हे मी तिला सांगितले. 'बट'ला मात्र हे कारण लागू पडत नाही; तो जुनाच आहे, तरी ओठांतून निसटला. तेही सांगितले. तिने सहा शब्दांखाली एक रेघ मारली, त्याखाली 'बट' लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले.