उसातली पिले आणि आपली लेकरे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत कुणी एखादा नवा पदार्थ सांगते, कुणी बचतीचा हिशेब सांगते. मला मात्र चिटणीसबाईंनी बिबट्यावर बोलायला सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा माझ्या बोलण्यात पंडिताई असणार नाही. पण जुन्नर तालुक्यात ज्यांची घरे उसाच्या बांधाला लागून आहेत, त्या बायकांची या विषयाची शाळा रोजच भरते. काही मी डोळ्यांनी पाहिले, काही गावात झालेल्या वनखात्याच्या सभेत ऐकले, काही माझ्या मुलीने वाचून दाखविले. त्यातले मला पटले तेवढे सांगते.

मागच्या महिन्यात आपल्याच मंडळातील एका काकूंनी मला विचारले, "काय गं, आपल्या लेकरांपेक्षा वाघाची पिले मोठी झाली का?" प्रश्न रागाचा होता, पण तो राग खोटा नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडच्या भागात, तीन आठवड्यांच्या आत दोन लहान मुले व एक वृद्ध बाई बिबट्याच्या हल्ल्यात गेली. त्यानंतर शेतात जाताना बायाबापड्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागल्या. ती छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली. ज्या घरचे लेकरू गेले त्या आईला "वन्यजीव वाचवा" असा उपदेश करायला माझी जीभ रेटणार नाही. माणसांवर हल्ले करणारे जनावर पकडलेच पाहिजे, याविषयी माझे दुमत नाही. मी आज बोलणार आहे ते दुसऱ्या गोष्टीविषयी. उसाच्या फडात सापडणारी पिले त्यांच्या आईला परत मिळावीत, आणि त्यातच आपल्या लेकरांचेही हित आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी हे जनावर आपल्या दारात आले कसे ते पाहू. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, वडज, येडगाव, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणे झाली. कालव्याने पाणी आले आणि बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. त्या पाण्याने आपल्या घरांवर स्लॅब पडले, पोरी कॉलेजात गेल्या. ऊस वर्ष-दीड वर्ष रानात उभा असतो. आत गार सावली, जवळ पाणी, माणसाचा वावर नाही. बाळंतपणाला याहून चांगली जागा बिबट्याच्या मादीला कुठे मिळणार? पोटासाठी गावातली कुत्री आहेत, डुकरे आहेत, उघड्यावर बांधलेल्या शेळ्या आहेत. अकोले तालुक्याकडे अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासून पाहिली, तेव्हा त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. आपल्याकडच्या कितीतरी बिबट्यांनी डोंगरातले जंगल कधी पाहिलेलेही नसेल. त्यांचे माहेर ऊस आणि सासरही ऊसच.

पुष्कळांना वाटते, सगळे बिबटे धरावेत आणि दूर जंगलात नेऊन सोडावेत. हा उपाय आपल्याच भागात करून झालेला आहे. २००१ च्या सुमारास जुन्नर वनविभागात पिंजरे लावून बरेच बिबटे पकडले व दुसरीकडे सोडले. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या सगळ्याचा हिशेब मांडला आणि तो २०११ साली प्रसिद्ध झाला. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ ते २००३ मध्ये ते वर्षाला १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बावरते, आणि इथे मोकळी झालेली जागा दुसरे बिबटे येऊन धरतात.

पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरच्या बिबट्याची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. २००९ साली तो विहिरीत पडला. त्याला वर काढून गळ्यात यंत्राचा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडले. वयस्कर व शांत म्हणून त्याचे नाव आजोबा ठेवले. हे आजोबा रस्ते, लोहमार्ग, खाडी ओलांडीत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या बोरिवलीजवळच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचले. वाटेत त्यांनी एकाही माणसाला इजा केली नाही. २०११ साली महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला. त्यांच्यावर पुढे मराठीत चित्रपटही निघाला. सोडले तिथे बिबट्या राहतोच असे नाही, हे त्यांनी सर्वांना दाखविले.

आता पिलांकडे वळते. दिवाळीनंतर कारखाने सुरू होतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोयता चालत चालत फडाच्या मध्यावर आला की पाचटात दोन-तीन पिले दिसतात. आई रात्री शिकारीला फिरते, दिवसा जवळच्या उसात लपते आणि माणसांचा गलबला ऐकून बाजूला होते. तिने पिले टाकलेली नसतात. ती अंधाराची वाट पाहत असते. लोक मात्र गोळा होतात, पिले हातोहात फिरतात, पोरे फोटो काढतात आणि कुणीतरी म्हणते, "अनाथ आहेत, घरी नेऊन दूध पाजू."

भगिनींनो, इथेच अनर्थ होतो. पिलू आईजवळ दीड-दोन वर्षे राहून शिकार शिकते, माणसापासून दूर राहायला शिकते. बाटलीच्या दुधावर वाढलेल्या पिलाला यातले काहीच येत नाही. माणसाची भीती गेलेले जनावर मोकळे सोडणे धोक्याचे, म्हणून त्याला जन्मभर पिंजराच राहतो. शिवाय पिलू घरी नेणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. आणि रात्री काय होते? आई पिले शोधीत त्याच फडाभोवती फिरते. त्याच बांधावर टोळीच्या खोप्या असतात, आपली वस्ती असते, पाणी द्यायला गेलेला आपला माणूस असतो. पिले हरवलेली मादी किती बिथरलेली असेल, हे आयांना मी काय सांगावे!

योग्य रीत काय, ती मी आमच्या शेजारच्या शेतात पाहिली. पिले दिसताच मुकादमाने तोड थांबविली आणि वनखात्याला कळविले. त्यांची माणसे डॉक्टरांना घेऊन आली. आपल्याकडे माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे हे तुम्हांला ठाऊकच आहे. वनखात्याबरोबर वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने तेथे वर्षानुवर्षे काम केले आहे. डॉक्टरांनी पिले तपासली, अंगावरचे गोचीड काढले. सायंकाळी ती जिथे सापडली होती त्याच सरीत उघड्या क्रेटमध्ये ठेवली, बाजूला कॅमेरे लावले आणि सर्वांना घरी पाठविले. त्या रात्री आमच्या वस्तीवर कुणी दाराबाहेर पडले नाही. सकाळी क्रेट आडवा पडलेला होता आणि पिले नव्हती. कॅमेऱ्यात दिसले ते पुढे मोबाइलवर आम्हांला दाखविले. मादी आली, बराच वेळ कानोसा घेत उभी राहिली. मग तिने क्रेट पंजाने कलंडविला आणि एकेका पिलाची मान तोंडात धरून ती त्यांना घेऊन गेली. पाहताना आम्ही सात-आठ बायका होतो. कुणी काही बोलले नाही. माझ्या सासूबाईंनी तेवढे म्हटले, "गेली बाई आपल्या घरी." त्या रात्रीनंतर ती त्या फडाभोवती घुटमळली नाही.

पहिल्या रात्री मादी आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात. धीर धरावा लागतो. सापडलेले पिलू बिबट्याचेच असते असेही नाही. उसात रानमांजराची आणि वाघाटीची पिलेही असतात. वाघाटी म्हणजे आपल्या घरच्या मांजराहूनही लहान, जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक. तिचे पिलू बिबट्याचे समजून लोक मारतात. साप म्हणून भुई धोपटण्यातलाच हा प्रकार. ती बिचारी शेतातले उंदीर खाऊन आपले कामच करीत असते.

मग आपल्या मंडळाने काय करावे? मला चार गोष्टी सुचतात.

पहिली, शेळ्या-करडांना पक्का बंदिस्त गोठा हवा, वरूनही जाळी हवी. दोन वर्षांपूर्वी आमची गाभण शेळी उघड्या गोठ्यातून गेली, तेव्हा किती जीव हळहळला ते मला माहीत आहे. खरकटे व मेलेल्या कोंबड्या वस्तीजवळ टाकू नयेत. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

दुसरी, तिन्हीसांजेनंतर लेकरू अंगणात एकटे सोडू नये. उसाशेजारी खाली वाकून एकटीने काम करू नये. वाकलेले माणूस त्याला चार पायांचे जनावर वाटू शकते. दोघी-तिघींनी मिळून, बोलत, हातात काठी व बॅटरी घेऊन जावे. ज्यांच्याकडे अजून संडास नाही त्यांच्यासाठी मंडळाने ग्रामपंचायतीच्या मागे लागावे.

तिसरी, विहिरींना कठडे बांधावेत. उघड्या विहिरीत बिबट्या पडतो तशी आपली पोरेही पडतात.

चौथी गोष्ट माझ्या मनाला फार लागून राहिली आहे. पिले सर्वांत आधी दिसतात ती ऊसतोडणीच्या बायकांना. बीडसारख्या जिल्ह्यांतून त्या येतात आणि पालाच्या खोपीत लेकरांसह राहतात. खोपीला दार नाही, दिवा नाही. खरा धोका त्यांच्या लेकरांना आहे, आणि आपण त्यांचे नावही विचारीत नाही. आपले संक्रांतीचे हळदीकुंकू नेमके तोडीच्या हंगामातच येते. यंदा त्यांना मानाने बोलवावे, आणि प्लॅस्टिकच्या वाटीऐवजी वाण म्हणून एकेक बॅटरी द्यावी. कुंकू लावताना दोन शब्द सांगावेत : पिले दिसली तर हात लावू नका, तोड थांबवा, लेकरांना जवळ घ्या आणि वनखात्याला कळवा. वनखात्याचा दूरध्वनी क्रमांक १९२६ आहे. तो बॅटरीवर चिकटवून देऊ.

खर्चाचे म्हणाल तर हिशेब मी चिटणीसबाईंना दिला आहे. वर्गणीत प्रत्येकीने थोडी भर घातली की भागते.

काकूंच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. आपली लेकरेच मोठी, यात शंका नाही. पण पिले आईजवळ असली तर आई आपल्या वाटेने जाते, आणि आपली लेकरे सुखाने झोपतात. डोंगराकडच्या आपल्या आदिवासी भगिनी वसुबारसेच्या दिवशी वाघबारस करतात आणि वाघोबाला नैवेद्य दाखवितात. भीती त्यांनाही होती, पण तिच्यासोबत नांदायचे कसे याची रीत त्यांनी घालून दिली. आपण उसाच्या मुलखातल्या बायका. आपली रीत आपल्यालाच घालावी लागेल.

वाणाचा ठराव आजच मांडावा अशी अध्यक्षबाईंना विनंती करते आणि माझे बोलणे पुरे करते.