मुकी चकती आणि तिचा दुभाष्या

श्रोतेहो, शाळेच्या ग्रंथालयाची वही आपण सर्वांनी पाहिलेली आहे. पुस्तक कुणी नेले, कधी परत आणले, हे लिहिता लिहिता मधली सुट्टी संपते. यावर आता एक सोपी युक्ती आहे. पुस्तकाच्या आत रुपयाएवढी चकती चिकटवायची, मोबाईल तिच्याजवळ न्यायचा, की नोंद झाली!

तुम्ही विचाराल, या कागदी चकतीत सेल कुठे आहे? सेल नाहीच. आत असते धातूचे बारीक वेटोळे आणि तिळाएवढी चिप. फोन १३.५६ मेगाहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. त्यातून वेटोळ्यात वीज उपजते, चिप जागी होते आणि आपला मजकूर सांगते. हे सारे दोन-चार सेंटिमीटरच्या आतच घडते. या तंत्राला एनएफसी म्हणतात.

पण चकती बोलली तरी ॲपला ते कळायला हवे ना? कॉर्डोव्हासारख्या साधनाने केलेले ॲप म्हणजे आतून वेबपानच. फोनच्या यंत्राची बोली त्याला येत नाही. तिथे प्लगइन नावाचा दुभाष्या लागतो. तो आयता मिळतो. तो ॲपला जोडायचा, फोनची परवानगी नोंदवायची, आणि चकती दिसताच काय करायचे ते लिहायचे. आयफोनवर इतर ॲपना चकती वाचण्याची मुभा २०१७ साली, आयओएस ११ पासून मिळाली. तिथे वाचनाचे कारणही लिहून द्यावे लागते.

मी पहिली चकती लावली ती लोखंडी कपाटावर. फोन फिरवून हात दुखले, चकती मुकीच! धातू हे क्षेत्र बिघडवतो. तेव्हा साधी चकती पुठ्ठ्यावर लावावी, पत्र्यावर नव्हे.

शिक्षक बंधुभगिनींनो, खरी जोखीम पुढेच आहे. मुलांच्या ओळखपत्रावर नाव, पत्ता, पालकांचा नंबर घालावा असा मोह होतो. पण उघडा मजकूर जवळ आलेल्या कोणाचाही फोन वाचू शकतो. शिवाय एनटॅग २१३ या चकतीत मावतात अवघे १४४ बाइट, आणि देवनागरीचे एकेक चिन्ह बहुधा ३ बाइट खाते. म्हणून चकतीवर फक्त क्रमांक लिहावा. नावे शाळेच्या नोंदीतच राहू द्यावीत.

आणखी एक. मजकूर तपासून झाला की चकतीला कुलूप लावावे, नाहीतर कोणीही तो पुसू शकेल. मात्र हे कायमचे कुलूप उघडत नाही. तेव्हा आधी दोनदा वाचा, मग लावा. पोराचे नाव जपणे हे यंत्राचे काम नव्हे, ते आपलेच आहे.