पायांचे जडपण

बंगळुरात हेब्बाळच्या तलावाकाठी सकाळी फिरावयास येणाऱ्या स्त्रियांत एखादी अशी असते, की तिचा कंबरेवरचा बांधा सडपातळ, परंतु मांड्या व पोटऱ्या खांबासारख्या जड. महिनोन्‌महिने ती चालते, भात सोडते, उपवास करते. चेहरा उतरतो, पाय मात्र तसेच राहतात. घरची माणसे म्हणतात, "खाणे आवर." वस्तुतः दोष तिच्या जिभेचा नसतोच.

या व्याधीला लिपेडीमा म्हणतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ॲलन आणि हाइन्स या वैद्यांनी १९४० साली तिचे प्रथम वर्णन केले. ती बहुधा स्त्रियांनाच होते. वयात येताना, गरोदरपणी किंवा पाळी जाण्याच्या सुमारास डोके वर काढते आणि पुष्कळदा आई-मावशीकडून वारशाने येते.

तिची ओळख पटविणे अवघड नाही. दोन्ही पाय सारखेच वाढतात. पण ही वाढ पैंजणाच्या जागी थबकते आणि पावले मूळचीच राहतात. चपलेचे माप बदलत नाही. मांडीला नुसता हात लागला तरी दुखते, किरकोळ धक्क्यानेही काळेनिळे डाग उठतात. साध्या लठ्ठपणात अशा वेदना सहसा नसतात.

आपल्याकडे सुजलेला पाय दिसला की हत्तीरोगाची शंका प्रथम येते. हत्तीरोगात बहुधा पाऊलही सुजते आणि बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरता येत नाही. लिपेडीमात ती सहज धरता येते. एकच पाय एकाएकी सुजून दुखू लागला, तर मात्र रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.

ही व्याधी समूळ बरी करणारे औषध नाही. तथापि डॉक्टरांच्या सल्ल्याने घातलेले दाब देणारे मोजे, पोहणे किंवा पाण्यात चालणे, हलक्या हाताने केलेले विशिष्ट मर्दन आणि बेताचा आहार यांनी वेदना व जडपणा कमी होतो. निवडक रुग्णांत चरबी शोषून काढण्याची शस्त्रक्रियाही करतात. उपासमारीने मात्र शक्ती जाते, पाय जात नाहीत.

२०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात या व्याधीला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. घरातही तिला तसे स्थान मिळावयास हवे. टोमण्याऐवजी "पाय दुखतात का ग?" एवढे कोणी विचारले, तरी उपचाराचा आरंभ होतो.