करार संपल्यानंतर



 

दीक्षान्त समारंभाला बहुधा नामवंत पाहुणे बोलावले जातात. कोल्हापूरच्या पेठांबाहेर ज्याचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही, अशा एका माजी फुटबॉलपटूला विद्यापीठाने या वेळी इथे उभं केलं. जे प्रसिद्धीच्या जवळून गेले, प्रामाणिकपणे खेळले आणि मग वर्तमानपत्रांतून दिसेनासे झाले, त्या सगळ्यांचा हा सन्मान आहे असं मी मानतो. आज मी त्यांच्याविषयीच बोलणार आहे, कारण त्यांच्या आयुष्यातला एक धडा तुमच्या कामाचा आहे.

मी लेफ्ट बॅक होतो. तालमीच्या संघातून सुरुवात केली, शाहू स्टेडियमवर खेळलो आणि पुढे काही वर्षं फुटबॉलच्या करारावर घर चालवलं. फुटबॉलपटूची कारकीर्द साधारण तिशी-पस्तिशीत संपते. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर त्याआधीच संपते. ज्या वयात डॉक्टर, वकील, प्राध्यापक आपल्या व्यवसायात नुकते स्थिरावत असतात, त्या वयात खेळाडू निवृत्त होतो. त्याच्यापुढे अजून तीस वर्षांचा संसार असतो.

पूर्वी आपल्याकडे या प्रश्नाला एक उत्तर होतं. टाटा, मफतलाल, एअर इंडिया, रेल्वे, बँका यांचे संघ असत. खेळाडू त्या संस्थेचा नोकर असे. सकाळी सराव, दुपारी कचेरी. खेळ थांबला की तो पूर्णवेळ टेबलावर बसे आणि निवृत्तीपर्यंत त्याची नोकरी टिके. पैसा मर्यादित होता, पण पायाखाली जमीन होती. १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली, २००७ मध्ये आय-लीग आणि २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. मैदानं सुधारली, प्रशिक्षण सुधारलं, मानधन वाढलं. हे सगळं चांगलंच झालं. पण नोकरीची जागा कराराने घेतली, आणि करार एका ठरलेल्या तारखेला संपतो.

कधी कधी तर क्लबच संपतो. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघ बंद झाला. पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, पंजाबचा जेसीटी, २०११ मध्ये विसर्जित झाला. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत तोही उरला नाही. २०१६ मध्ये गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या नामांकित क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली. अशा वेळी आघाडीच्या खेळाडूंना दुसरा संघ मिळतो. राखीव खेळाडूंचं काय होतं, याची बातमी येत नाही.

मी त्यांना जवळून पाहिलं आहे. पहाटे जाग येते आणि कुठेच जायचं नसतं. सरावाची वेळ, जेवणाची वेळ, झोपेची वेळ, सगळं आजवर दुसऱ्याने ठरवलेलं असतं. सामन्याच्या दिवशी मांडीला मांडी लावून बसणारे सहकारी आपापल्या गावी पांगतात. घरात ईएमआय असतो, मुलांची फी असते. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे, ‘सध्या काय करता?’ या साध्या प्रश्नाला उत्तर नसतं.

बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मानची गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा. १९९० मध्ये करार संपल्यावरही क्लबने त्याला मोकळं केलं नाही. तो न्यायालयात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि करार संपलेल्या खेळाडूला युरोपात मुक्तपणे दुसरीकडे जाण्याचा हक्क मिळाला. आज तिथले खेळाडू कोट्यवधी कमावतात, त्यामागे या माणसाचा लढा आहे. बोस्मानची स्वतःची कारकीर्द मात्र त्या लढ्यातच सरली, आणि पुढची वर्षं त्याने नैराश्य, व्यसन आणि आर्थिक ओढाताण यांच्याशी झुंजण्यात काढली. हक्क मिळणं ही एक गोष्ट आहे आणि पुढचं आयुष्य उभं राहणं ही दुसरी. त्यासाठी हाताला काम आणि सोबत माणसं लागतात.

आता दुसरं उदाहरण. ब्लॅकबर्न रोव्हर्सने १९९४-९५ ची प्रीमियर लीग जिंकली, त्या संघात स्टुअर्ट रिप्ली होता. इंग्लंडकडून तो फक्त दोन सामने खेळला. निवृत्तीनंतर तो विद्यापीठात गेला, आपल्यापेक्षा कितीतरी लहान मुलांबरोबर वर्गात बसून कायदा आणि फ्रेंच शिकला आणि २०१० मध्ये सॉलिसिटर झाला.

आपल्या देशात तर त्याच्याही आधीचा आदर्श आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय फुटबॉल संघाचं नेतृत्व नागा टेकड्यांतून आलेल्या तालिमेरेन आओ यांनी केलं. फ्रान्सविरुद्धचा तो सामना आपण १-२ असा हरलो, पण स्वतंत्र भारताने जगाला आपला खेळ दाखवला. मोहन बागानकडून खेळत असतानाच आओ कलकत्त्यात वैद्यकीय शिक्षण घेत होते. पुढे ते आपल्या माणसांत परतले, डॉक्टर म्हणून राबले आणि नागालँडच्या आरोग्य सेवेचे संचालक झाले. देशाचा कर्णधार म्हणून ते जितके मोठे, तितकेच त्या डोंगरातल्या रुग्णांचे डॉक्टर म्हणूनही मोठे आहेत.

माझ्या बाबतीत खेळाबरोबर शिक्षण चालू ठेवण्याचं भान शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी ठेवलं. मी शिबिराला गेलो की सर कॉलेजात जाऊन परीक्षेचा फॉर्म भरून यायचे. त्या पदवीमुळेच खेळ थांबल्यावर मला बी.पी.एड.ला प्रवेश मिळाला आणि आज मी शाळेत शिकवतो. बी.पी.एड.ला आधी पदवी लागते. राज्यात खेळाडूंसाठी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे, पण त्या पदाची शैक्षणिक अर्हता तिथेही लागतेच. ज्याने बारावीनंतर कॉलेज सोडलं, त्याच्याकडे पदकं असूनही बरीच दारं बंद असतात. ‘आधी खेळ, शिक्षण नंतर बघू’ असं मुलांना सांगणारे प्रशिक्षक आणि पालक त्यांच्या आयुष्याशी खेळतात. हे मी अत्यंत गांभीर्याने सांगतो आहे.

आणि खेळाडूला येतं तरी काय, असं कुणी विचारलं तर ऐका. हरलेल्या सामन्याचं चित्रीकरण दुसऱ्याच दिवशी सगळ्यांसमोर पाहायचं आणि आपल्याला दिलेला दोष ऐकून घ्यायचा, हे त्याला येतं. संघात नाव नसताना तितक्याच ताकदीने सराव करायचा, हेही येतं. आपण धाव घ्यायची आणि गोल दुसऱ्याने करायचा, यात त्याला कमीपणा वाटत नाही. अशी माणसं कोणत्याही कार्यालयाला, शाळेला, रुग्णालयाला हवीच असतात.

मित्रहो, तुमच्यापैकी कुणी अभियंता होईल, कुणी शिक्षक, कुणी व्यवस्थापक. तुमचीही कामं बदलतील, कंपन्या बंद होतील, हुद्दे जातील. म्हणून हुद्द्यालाच आपली ओळख समजू नका. हातचं काम उत्तम चालू असतानाच पुढचं काही शिकत राहा. पडत्या काळात नवं शिकायला लागणारं बळ चांगल्या काळातच साठवावं लागतं.

विद्यापीठाला माझी विनंती आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे श्रेयांक साठवून ठेवता येतात, शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता येतं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची वाटही खुली आहे. ही माहिती प्रत्येक मैदानापर्यंत पोचवा. सामने आणि परीक्षा एकाच दिवशी आल्या, तर खेळाडूची परीक्षा पुन्हा घ्या. तिशीतला माजी खेळाडू प्रवेशाच्या खिडकीशी आला, तर त्याला परत पाठवू नका.

आणि तुम्हा सर्वांना एकच सांगणं. उद्या तुमच्यातले अनेकजण माणसं निवडण्याच्या खुर्चीवर बसतील. समोर एखादा अर्ज येईल, ज्यात अनुभवाच्या रकान्यात फक्त क्लबांची नावं असतील. तो अर्ज बाजूला टाकू नका. त्या माणसाला मुलाखतीला बोलवा, त्याला काम शिकवा आणि त्याच्यावर विश्वास ठेवा. तो तुम्हाला निराश करणार नाही.