धबधब्याच्या वाटेवर, मालट्रकमधून
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘काका, तो ट्रकचा प्रवास सांगा,’ अशी कमिटीची आज्ञा झाली, म्हणून उभा आहे. वेळ दहा मिनिटं दिली आहे. बँकेतला माणूस आहे, हिशोबात बसवतो.

१९७७ चा ऑक्टोबर. बँकेतले आम्ही सहा जण, सगळे पंचविशीच्या आसपासचे. जोगचा धबधबा पाहायची फार इच्छा, पण तेव्हाच्या पगारात खासगी गाडी कुठली परवडायला! एका सहकाऱ्याच्या मामांचा मालट्रक गोकाकला माल उतरवून पुढे शिरसीला सुपारी भरायला निघाला होता. हौद्यात जागा होती. स्टोव्ह, रॉकेलचा डबा, तांदूळ, बेसन, सतरंज्या आणि एक बॅटरी घेऊन आम्ही चढलो. सातारा, कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर करत दुसऱ्या दिवशी गोकाक गाठलं. आज हौद्यात माणसं बसवणं कायद्यात बसत नाही आणि तसं कुणी करूही नये.

गोकाकला घटप्रभा नदी सुमारे १७० फूट खाली झेप घेते. एकोणिसाव्या शतकातच या पाण्याच्या जोरावर तिथे सूतगिरणी उभी राहिली. संध्याकाळी धबधब्याच्या बऱ्याच वर, नदीकाठी मुक्काम केला. पाण्यालगत छान सपाट खडक होता. दोघांनी सतरंज्या अंथरल्यासुद्धा. ड्रायव्हरमामांनी त्या उचलायला लावल्या. म्हणाले, “नदीच्या अंगणात झोपायचं नसतं.” पाण्याच्या कडेला त्यांनी एक दगड ठेवला आणि ट्रक वर, बांधापलीकडे लावला. ताडपत्रीचं एक टोक हौद्याला, दुसरं बाभळीला बांधून आम्ही पिठलं-भात खाल्ला आणि झोपलो. रात्रभर आभाळात चांदणं. थेंबभरही पाऊस नाही.

सकाळी दगड नव्हता. सपाट खडकही नव्हता. तिथून गढूळ पाणी वाहत होतं.

मामांनी समजावलं, ही नदी सह्याद्रीतून येते. पाऊस तिकडे पडतो किंवा वरच्या धरणातून पाणी सोडतात, आणि इथं झोपलेल्याला पत्ता नसतो.

पुढे हुबळी, शिरसी, सिद्धापूर करत जोगला पोहोचलो. मामांनी आमच्यासाठी वाट वाकडी केली होती. समोर नुसतं धुकं. तीन तास कठड्याशी बसलो. मग पडदा सरकला आणि राजा, राणी, रोअरर, रॉकेट अशा शरावतीच्या चारही धारा दिसल्या. उंची ८३० फूट. कुणी बोललं नाही. तिथेही पाणी किती दिसणार, ते १९६४ मध्ये झालेल्या वरच्या लिंगनमक्की धरणावर अवलंबून.

हे आज सांगायचं कारण आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाहता पाहता पाणी वाढलं होतं. ती बातमी वाचली आणि मला तो दगड आठवला. आपल्या सोसायटीतूनही दर पावसाळ्यात पाच-सहा गाड्या ताम्हिणी, लोणावळा, ठोसेघरकडे जातात. जरूर जा. घरात बसून धबधबा दिसत नाही. पण मामांची शिकवण बरोबर न्या. पोहोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला दगडाची खूण करा आणि तिच्याकडे लक्ष ठेवा. पाणी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून येऊ लागली, आवाज वाढला, तर फोटो राहू द्या, मुलांना घेऊन आधी वर चढा. प्रवाहाच्या मधल्या खडकावर जाऊच नका. आणि निघताना गेटवरच्या वहीत ठिकाण व परतायची वेळ लिहा.

कमिटीला विनंती, ही चार वाक्यं जूनपासून नोटीस बोर्डावर लावावीत. पुढच्या पंचवीस वर्षांत आपल्या वहीतल्या प्रत्येक नावापुढे परतल्याची वेळ लिहिलेली असावी, एवढंच मागणं.