विद्यार्थीदशेतील संशोधन : शालेय प्रबंधाची वाट

(गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभातील व्याख्यानाचा लिखित पाठ)



आजच्या विषयाचे नाव काहींना अपरिचित वाटेल. अमेरिकेत नववी ते बारावी या चार इयत्तांना हायस्कूल म्हणतात आणि बारावीच्या विद्यार्थ्यास सीनियर. या अखेरच्या वर्षी तेथील काही शाळा विद्यार्थ्याकडून एकाच प्रश्नावर दीर्घकाळ काम करून घेतात, त्याचा प्रबंध लिहवून घेतात आणि शेवटी शिक्षकांसमोर त्या प्रबंधाचे समर्थन करावयास उभे करतात. यालाच सीनियर थीसिस असे नाव आहे. समाजातील अनेक कुटुंबांची नातवंडे आज तिकडे शिकत आहेत. रविवारच्या दूरध्वनीवर ‘थीसिसचे काम चालू आहे’ असे ऐकले की येथील आजी-आजोबांना वाटते, सतराव्या वर्षीच नात डॉक्टरेट करू लागली की काय! तसे काही नसते. परंतु जे असते ते समजून घेण्यासारखे आहे.

असा प्रबंध सर्वच शाळांत सक्तीचा नसतो आणि नियमही शाळेगणिक वेगळे असतात. सामान्यतः सप्टेंबरात विषयाचा शोध सुरू होतो, मग मार्गदर्शक शिक्षक ठरतो, संदर्भग्रंथांची टिप्पणीसहित यादी तयार होते, हिवाळ्यात पहिला खर्डा लिहिला जातो आणि वसंत ऋतूत तोंडी परीक्षा होते. ज्या शाळांत हा उपक्रम नाही, तेथील विद्यार्थ्यांसाठीही मार्ग आहेत. अमेरिकेतील कॉलेज बोर्डाने २०१४ मध्ये सुरू केलेल्या एपी कॅपस्टोन या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षी ४००० ते ५००० शब्दांचा संशोधन-निबंध लिहावा लागतो आणि त्याचे तोंडी समर्थनही करावे लागते. जिनिव्हा येथे १९६८ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेच्या पदविका परीक्षेत जास्तीत जास्त ४००० शब्दांचा विस्तृत निबंध अनिवार्य आहे. ही परीक्षा महाराष्ट्रातही घेतली जाते. पुण्याजवळील महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजमध्ये तर १९९७ पासून देशोदेशीचे विद्यार्थी हाच अभ्यासक्रम शिकतात.

मात्र अमेरिकेत सारेच विद्यार्थी संशोधनात गढून गेलेले असतात, असा समज कोणी करून घेऊ नये. मॅसॅच्युसेट्स राज्यातील कॉन्कॉर्ड या गावी विल फिट्झह्यू या इतिहास-शिक्षकांनी १९८७ मध्ये ‘द कॉन्कॉर्ड रिव्ह्यू’ हे त्रैमासिक स्थापन केले. त्यात केवळ शालेय विद्यार्थ्यांचे इतिहासविषयक निबंध छापले जातात. याच फिट्झह्यू यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये तेथील इतिहास-शिक्षकांची पाहणी झाली. संशोधन-निबंध महत्त्वाचा आहे असे ९५ टक्के शिक्षकांनी सांगितले. परंतु ५००० शब्दांहून मोठा निबंध आपण कधीच लिहावयास देत नाही, असे त्यांपैकी ८१ टक्क्यांनी कबूल केले. कारण सरळ आहे. पाच वर्गांत तीस-तीस विद्यार्थी असतील आणि प्रत्येक निबंध तपासण्यास एक तास लागत असेल, तर दीडशे तास कोठून आणावयाचे? शिक्षकाच्या वेळेचा हा प्रश्न तेथेही सुटलेला नाही, येथेही नाही.

आता मूळ कामाकडे वळू या. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली चूक बहुधा एकच असते. तो विषय निवडतो, प्रश्न निवडत नाही. ‘दुसरे महायुद्ध’ हा विषय झाला. त्यावर ग्रंथालये भरली आहेत आणि सतरा वर्षांच्या मुलाने त्यात भर घालण्याजोगे काही उरलेले नाही. परंतु तोच मुलगा सिएटल शहरासमोरील बेनब्रिज बेटावर राहत असेल, तर त्याच्या घराशेजारीच एक प्रश्न वाट पाहत असतो. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. हे विस्थापन सुरू झाले ते याच बेटापासून. ३० मार्च १९४२ रोजी तेथील २२७ जणांना बोटीत बसवून नेण्यात आले. त्या बेटावरील छोट्या वृत्तपत्राचे संपादक असलेल्या वुडवर्ड दांपत्याने या कृतीस उघड विरोध केला. इतकेच नव्हे, तर छावणीत गेलेल्या तरुणांनाच वार्ताहर नेमून तेथील जन्म, विवाह, आजारपण यांच्या बातम्या छापणे चालू ठेवले. शेजारी दूर गेले तरी ते गावातच आहेत, असे वाचकांना वाटत राहावे हा हेतू. या बातम्यांत काय छापले जाई? वाचकांची पत्रे काय म्हणत होती? १९४५ पर्यंत त्यांचा सूर बदलला का? हा प्रश्न एका वर्षात आणि एका ग्रंथालयात बसून सुटू शकतो. प्रश्न लहान आहे म्हणून तो क्षुल्लक ठरत नाही.

दुसरी गोष्ट नोंदींची. कोणता मजकूर कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पृष्ठावर मिळाला, हे त्याच क्षणी लिहून ठेवले नाही, तर एप्रिल महिन्यात विद्यार्थी अक्षरशः रडकुंडीला येतो. पूर्वी यासाठी तीन इंच रुंद व पाच इंच लांब अशी जाड कागदाची कार्डे वापरीत. आता संगणकावर तेच करतात. संदर्भ कसे द्यावेत याचे नियम शिकागो विद्यापीठात प्रबंधांची तपासणी करणाऱ्या केट टुराबियन या कार्यालयीन सचिव बाईंनी १९३७ मध्ये एका पुस्तिकेत एकत्र केले. पुढे ती पुस्तिका अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी वापरली. गंमत अशी की, इतरांचे प्रबंध शिस्तीत बसवणाऱ्या या बाईंजवळ स्वतःची पदवी नव्हती. ही शिस्त जैन समाजाला परकी वाटू नये. ग्रंथभांडारातील हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिक अनेकदा संवत, तिथी, गाव, आपले नाव आणि पोथी कोणासाठी लिहिली हे नोंदवून ठेवी. त्या चार ओळींमुळेच कित्येक पोथ्यांचा काळ आज निश्चित करता येतो.

तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. मोठ्या माणसाने छापलेले विधानही तपासून पाहण्याचे धैर्य आणि तपासताना राखावयाची नम्रता, ही ती गोष्ट. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील नोकरीच्या जाहिरातींत ‘आयरिश लोकांनी अर्ज करू नये’ असे छापले जाई, ही आठवण आयरिश कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. २००२ मध्ये रिचर्ड जेन्सन या इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापकांनी एका प्रतिष्ठित नियतकालिकात असे मांडले की, या आठवणीला पुरावा जवळजवळ नाही. ती बव्हंशी दंतकथा आहे. वॉशिंग्टन येथील रिबेका फ्राइड ही आठवीतील मुलगी. वडिलांनी आणून दिलेला तो लेख तिने वाचला आणि संगणकावर उपलब्ध असलेली जुनी वृत्तपत्रे चाळण्यास प्रारंभ केला. जाहिराती सापडू लागल्या. कारकून, शिंपी, बेकरीतील कामगार, शेतमजूर अशा नाना व्यवसायांच्या त्या जाहिराती होत्या आणि त्यांतील शेवटची १९०९ सालची होती. तिने आयरिश-अमेरिकन इतिहासाचे जाणकार प्राध्यापक कर्बी मिलर यांच्याशी संपर्क साधला, लेख लिहिला, आणि २०१५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो त्याच नियतकालिकाने प्रसिद्ध केला. जेन्सन यांना तिचे सारे निष्कर्ष मान्य झाले नाहीत; अशा जाहिरातींचे प्रमाण अल्पच होते, असे त्यांचे म्हणणे राहिले. वाद चालू राहिला, पण तो आता पुराव्यांच्या प्रमाणाविषयी होता. घरातील वृद्धांच्या आठवणी उगाच रचलेल्या नव्हत्या, एवढे मात्र एका शाळकरी मुलीने दाखवून दिले.

परंतु संशोधनाची किंमत मोजावी लागते ती दुसऱ्या प्रकारात, जेव्हा पुरावा आपल्याच गावाच्या विरुद्ध जातो तेव्हा. जर्मनीत १९७३ पासून राष्ट्राध्यक्षांच्या नावाने शालेय विद्यार्थ्यांसाठी इतिहास-स्पर्धा भरते. त्यात मुलांनी आपल्या परिसराचा इतिहास मूळ साधनांवरून लिहावयाचा असतो. १९८० च्या स्पर्धेचा विषय होता नाझी राजवटीतील दैनंदिन जीवन. डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्यांच्या संगमावरील पासाउ या टुमदार गावात आना रोस्मुस ही वीस वर्षांची मुलगी या निबंधाच्या कामाला लागली. आपल्या गावाने त्या राजवटीला विरोधच केला होता, अशी गावात प्रचलित समजूत होती आणि निबंध त्याच अंगाने जाईल, असे सर्वांना वाटत होते. पण जुनी वृत्तपत्रे निराळेच बोलू लागली. गावातील प्रतिष्ठितांची नावे नको त्या ठिकाणी आढळू लागली. मग ज्यांनी आरंभी कौतुकाने दारे उघडली होती, त्यांनीच ती लावून घेतली. कागदपत्रे पाहू देण्यास नकार मिळू लागला.

येथेच बहुतेक विद्यार्थी विषय बदलतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. या मुलीने विषय बदलला नाही. स्पर्धेची मुदत केव्हाच संपली होती. तिचे लग्न झाले, मुली झाल्या; तरी तिने अभिलेख पाहता यावेत म्हणून गावाच्या प्रशासनाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि तिला परवानगी मिळाली. १९८३ मध्ये १९३३ ते १९३९ या काळातील पासाउवरचे तिचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १९८४ मध्ये त्यास गेश्विस्टर शॉल पुरस्कार लाभला. देशाने गौरविले, पण गावाने तिला सुखाने राहू दिले नाही. शिवीगाळ आणि धमक्या यांना तिला वर्षानुवर्षे तोंड द्यावे लागले. १९९० मध्ये मिखाएल फेरहोफेन यांनी तिच्या जीवनावर चित्रपट काढला, आणि १९९४ मध्ये ती गाव सोडून अमेरिकेस गेली. शाळकरी स्पर्धेच्या एका निबंधातून एवढे सारे घडले. गावाची बाजूही थोडी समजून घ्यावी लागेल. ज्यांची नावे निघाली त्यांची मुले-नातवंडे त्याच गल्लीत राहत होती. पण नावे झाकून ठेवल्याने ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांची नातवंडे कोठे जाणार, हा प्रश्न त्या मुलीने विचारला होता आणि त्याला गावाजवळ उत्तर नव्हते.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रातील शालेय प्रकल्पाचे चित्र पाहावे, तर थोडे खेदाने बोलावे लागते. प्रकल्पवही रंगीत कागदाने सजते, चित्रे स्टेशनरीच्या दुकानातून तयार येतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आई अक्षर काढते, बाबा मजकूर उतरवतात. गुण मिळतात. मुलाला मात्र वहीत काय आहे हे ठाऊक नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर आई-बाबांनाही जागावे लागत नाही. यंत्र दोन मिनिटांत सुबक निबंध लिहून देते. म्हणूनच तोंडी परीक्षेचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे. ‘हे वाक्य कोठून आणले? याच्या विरुद्ध काही सापडले होते का? पहिला खर्डा कोठे आहे?’ या तीन साध्या प्रश्नांपुढे उसना निबंध टिकत नाही. हे प्रश्न विचारण्यास इंग्रजी यावे लागत नाही की पदवी लागत नाही. घरातले आजोबासुद्धा ते विचारू शकतात.

विद्यार्थी मित्रहो, विषयासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. १९७२ च्या दुष्काळाचेच पाहा. आपल्या तालुक्यात त्या वर्षी कोणता पाझर तलाव झाला, कोणता रस्ता दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीतून तयार झाला, मजुरी किती मिळे, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी घरात कशी शिजवली जाई, कामावर सुकडी कोण वाटीत असे, यांपैकी एकच प्रश्न घ्या. तलावाचा कागद तहसील किंवा पाटबंधारे कार्यालयात मिळेल, बातमी जिल्हा दैनिकाच्या जुन्या फाइलीत मिळेल. पण खडी फोडणारे हात आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्या वेळी विशीत असलेल्या माणसाची आठवण आणि कार्यालयातला कागद यांचा मेळ बसतो की नाही, हे पडताळून पाहण्याची संधी फार वर्षे उरणार नाही. मेळ बसला नाही, तर दोन्ही लिहावे आणि का बसला नाही त्याचा शोध घ्यावा. आठवण टिपताना सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव आणि दिनांक वहीत लिहावा. त्याची संमतीही घ्यावी.

जाता जाता ज्येष्ठ मंडळींकडे एक मागणी. अशा विद्यार्थ्याला सर्वांत आधी जी साधने हाती लागतील, ती गावातील संस्थांच्या इतिवृत्ताच्या वह्या, जमाखर्चाच्या चोपड्या आणि स्मरणिका. जुन्या स्मरणिकांत शिलान्यासाची आणि समारंभांची छायाचित्रे असतात व खाली ‘मान्यवर उपस्थित’ एवढेच छापलेले असते. कोण मान्यवर, कोणते वर्ष, हे त्या दिवशी सर्वांना माहीत होते म्हणून कोणी लिहिले नाही. आज त्यांतले दोन-तीन चेहरे ओळखणारी माणसे या सभागृहात बसली आहेत. घरी गेल्यावर पेटीतली छायाचित्रे काढावीत, मागच्या बाजूस मऊ पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे नावे लिहावीत, साल आठवत असेल तर साल लिहावे, आणि नक्की आठवत नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह घालावे.